वाय अर्धाच

तोडणकर मास्तर उजवा हात पुढे धरतात.
अंगठा एक्स, तर्जनी वाय, मधलं बोट झेड.
तर्जनी दुसऱ्या पेरावरच संपते,
पुढची जुन्या लेथनं नेली.
"वाय अर्धाच आहे," म्हणतात, "बाकीचा समजून घे, होडेकर."

मिरजोळ्याच्या शेडमध्ये समजून घेतला.
एक्स म्हणजे जयगडची फेरीबोट,
तवसाळला जायचं नि परत यायचं.
वाय म्हणजे टेबल माझ्या पोटाशी येतं, मागं सरतं.
झेड म्हणजे वर-खाली,
असं मी म्हणाले आणि हसू करून घेतलं.
शेजारच्या शेडमधली मशीन आडवी,
स्पिंडल भिंतीकडे तोंड करून पडलेला.
"आता दाखव झेड."
मी छताकडे बोट केलं.
"टूल जिकडे बघतं तो झेड.
आभाळाशी त्याचं काय देणंघेणं?"

मार्गशीर्षात अब्बांनी पंखा आणला, तांदळाच्या गोणीत.
पूर्णगडच्या खडकानं पाती खाल्लेली.
एका पात्याखाली दुसरं दडलेलं,
वरून कितीही बघा, टूलला दिसत नाही.
पाच अक्षांची मशीन कोल्हापुरात:
तिचं टेबल कलतं आणि कलल्या कलल्या फिरतं.
महिना थांबा म्हणाले. भाव ऐकून अब्बा खाली बसले.

मी त्यांना ए, बी, सी सांगितले,
एक्सभोवती, वायभोवती, झेडभोवती फिरणं.
"म्हंजे होडी डोलते, नाक उचलते, तोंड फिरवते.
वर तुझे ते सरळ तीन.
सहाच्या सहा ती फुकट करते गो,
तुम्ही मोजता, येवढंच."

मग आम्हीच झालो चौथा नि पाचवा.
पाचर, डायल, पुन्हा पाचर,
पंखा कलता बांधायचा, झिरो नव्यानं शोधायचा,
एकेका पात्याला चार-चार वेळा.
खारं वारं दाराच्या फटीतून येत होतं,
दर तासाला स्लाइडवर तेलाचा बोळा.
पहाटेपर्यंत माझं मनगट बी-अक्षासारखं करकरत होतं.

तिसऱ्या पात्यावर एक पायरी राहिली,
सहा-सात शतांशांची.
मास्तरांनी ती त्याच तुटक्या बोटानं चाचपली,
काही बोलले नाहीत.
मी अब्बांना खरं ते सांगितलं.
गोणी खांद्यावर घेत म्हणाले,
"सुरमई काय मोजूक येत नाय."

तरी मला ती पायरी ठाऊक आहे.
होडी बंदरातून निघते तेव्हा
इंजिनाच्या आवाजात मी तिलाच शोधते.