पिशवीची आतली बाजू

नारिंगी शाई लवकर उतरत नाही.
नखांच्या कडेला बसते, रात्री पावाच्या तुकड्यावर उमटते.
एकोणीस वर्षं मी या तळघरात छपाईच्या जाळ्या धुतोय.
वरच्या मजल्यावर पोरं डिझाइन शिकतात,
त्यांच्या चुका मी खाली
पाण्याच्या झोतानं काढतो.

डंडी गाव. ज्या गिरण्यांत एकेकाळी
तागाची पोती विणली जायची
तिथे आता फ्लॅट आहेत, खिडक्यांत कॅक्टस.

यंदा मास्टर्सच्या मुलांना खरं काम मिळालं.
खरं म्हणजे, ज्यात समोरचा माणूस
फोन करून ओरडू शकतो.
गरजूंना शिधा वाटणारी एक संस्था,
तिच्या मिसेस पिटकेथ्ली आल्या, ओल्या छत्रीसकट:
"आम्ही लोकांच्या नजरेतच भरत नाही.
नवं नाव द्या, नवी खूण द्या, आणि पिशवी अशी
की बसच्या दुसऱ्या टोकावरून ओळखू यावी."

मॉर्व्हन, तेमितोपे, आणि दारात वाकून येणारा डोमांतास.
तीन आठवडे भिंतीवर चिठ्ठ्याच चिठ्ठ्या:
हातात हात, वाटीतली वाफ, सूर्य, पुन्हा हात.
शेवटी वाटीचं आणि सूर्याचं लग्न लागलं.
दोनशे पिशव्या छापल्या आम्ही, मी आणि डोमांतासनं,
रात्री दहापर्यंत.
सुरेख आली होती छपाई. खोटं कशाला बोलू?

मग मॉर्व्हन वही घेऊन बावीस नंबरच्या बसनं
आठवडाभर नुसती फिरली.
शुक्रवारी आली ती सरळ खाली, माझ्याकडे.
"उलट्या करतात," म्हणाली.
"काय उलट्या?"
"पिशव्या. बाहेर पडले की कोपऱ्यावर थांबतात,
डबे भिंतीवर काढून ठेवतात, पिशवी उलटी करतात,
परत भरतात, मग बस पकडतात.
अकरांतले नऊ जण. मी मोजले."

मी नळ बंद केला.
मला ठाऊक होतं.
ज्या हिवाळ्यात पाठ धरली आणि पगार अर्ध्यावर आला
त्या हिवाळ्यात तो कोपरा मी पाहिलाय.
भिंत कमरेएवढी आहे, डबे ठेवायला बरी.
पण जाळ्या धुणाऱ्याला कोण विचारतं,
आणि विचारलं असतं
तर मी तरी काय सांगणार होतो?

वर भांडण जुंपलं, छतातून ऐकू येत होतं.
डोमांतास म्हणत होता, लाज ब्रीफमध्ये नाही.
मॉर्व्हन म्हणत होती, नाही ना, तेच तर.
तेमितोपे खाली आली. एक पिशवी उलटी केली,
शिवणीवरून बोट फिरवत बसली.
"आतून छापता येईल?"
"शिवायच्या आधी कापड पसरलं तर."
"अगदी तळाला?"
"तळालाही."

सादरीकरणाच्या दिवशी टेबलावर एक निळी पिशवी,
कुठल्याही दुकानाची वाटावी अशी.
मिसेस पिटकेथ्लींनी ती फिरवून फिरवून पाहिली.
"आमचं नाव?"
मॉर्व्हननं एकेक जिन्नस बाहेर काढला.
घेवडा. मासळी. चहा. पीचचा डबा, जरा चेपलेला.
तो निघाला तेव्हा तळाशी
बोटाच्या पेराएवढी अक्षरं दिसली:
आम्ही मंगळवारीही उघडे असतो.
त्याखाली नाव, आणि फोन.

बाई आत बघत राहिल्या, विहिरीत बघावं तशा.
मग म्हणाल्या,
"आणि विश्वस्तांना काय दाखवू? रिकामी पिशवी?"

याचं उत्तर कुणापाशीच नव्हतं.
पोरांना गुण बरे पडले.
संस्थेकडून अजून काही कळलेलं नाही.

दोनशे नारिंगी सूर्य माझ्या कपाटात पडून आहेत.
लागेल तसा एकेक काढतो, हात पुसायला.
उलट्या बाजूनं.
सवय.