सतरा तासांचा

अमावास्या रात्री एक बावीसला संपली.
मुनव्वरभाईंनी डायरीत लिहून ठेवलंय,
टाइम ऑफिसात लेट मार्क लिहायचे
तशाच निळ्या शाईत.
आता सहा सोळा. सूर्य गेला.
वय काढा, म्हणाले.
सतरा तास, मी म्हटलं, सहा मिनिटं कमी.

सातपूरची आमची गच्ची.
पाण्याच्या टाकीला टेकवलेला ट्रायपॉड,
एका पायाखाली विटेचा तुकडा.
तीनशेची लेन्स, सेकंडहँड,
तिचा फोकस दूरच्या टॉवरच्या लाल दिव्यावर धरून
चिकटपट्टीनं जखडून टाकलेला.
समोर अंजनेरी, तिचा उजवा खांदा,
आणि वर राखाडी-केशरी पट्टा.
त्यात चिमण्यांचा धूर आहे, रस्त्याची धूळ आहे,
चंद्र आहे की नाही, माहीत नाही.

रमजानला गच्च्या भरतात,
पोरं भलतीकडेच बोटं दाखवून ओरडतात.
हा शाबानचा. याला कुणी येत नाही.
आपली माघातली प्रतिपदा, तिलाही नाही.
लोक बीजेला बघतात,
तेव्हा तो दिसणारच असतो.

तीनदा हुकलाय.
कार्तिकात पाडव्याच्या फटाक्यांचा धूर,
मार्गशीर्षात शेजारच्या लग्नाचे हॅलोजन,
पौषात मीच सेकंड शिफ्टला.

टूलरूममध्ये माझं काम असं :
घासलेल्या पत्र्यावर स्ट्रेट एज उभी धरायची,
मागे ट्यूबलाइट,
डोळा खाली आणून बघायचं
फटीतून उजेड निसटतो का.
केसाएवढा निसटला तरी लाल टॅग.
एकवीस वर्षं असला उजेड
मी परत पाठवत आलेय.
आणि इथे नाक गळेपर्यंत थंडीत उभी,
तेवढाच सापडावा म्हणून.

सहा एकेचाळीस.
पडद्यावर, मोठं करत करत नेलं तर
डाव्या कोपऱ्यात पांढरा ओरखडा.
धूळ. सेन्सरवर बसते अशी.
मी लेन्स काढायला हात घातला,
मुनव्वरभाई म्हणाले, थांबा, अजून एक घ्या.
धूळ जागा सोडत नाही.

अजून एक. अजून एक.
ओरखडा खाली सरकला होता, किंचित उजवीकडे.
कोर म्हणावी असाही नव्हता,
मधे दोन ठिकाणी तुटलेला,
कुणी टाचणीनं काढायला घेऊन
सोडून दिल्यासारखा.

"डोळ्यांनी?"
नाही. डोळ्यांना नुसता पट्टा.
"मग सांगता येणार नाही कुणाला.
कॅमेऱ्याची साक्ष आमचे मौलाना धरत नाहीत."
आणि दिवाळीत मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यावर
तळहात ठेवून हसले,
"इथेही आता काचच बसवलीय. ती चालते.
विचारायला हवं एकदा."

मग लेन्सच्या नळीवरून, बंदुकीचा नेम धरावा तसं
बघत राहिले. टोपी मागे सरकली.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
"आहे," म्हणाले.

मला नाही दिसला.
ते बोट दाखवत होते
आणि मी बोटाच्या टोकापासून पुढे जायचे,
परत यायचे,
त्यांच्या नखाची पांढरी कड तेवढी दिसायची.
अंजनेरीनं मग तो आत घेतला.

डायरी काढून त्यांनी लिहिलं :
६.४६. आणि पुढे, सवयीनं, हजर.

आई बीजेला पदराची दशी काढून वाहायची,
जुनं घे, नवं दे, म्हणायची.
मी स्वेटरच्या बाहीतला धागा
ओढून ठेवला होता.
नाही टाकला. बोटाला गुंडाळला.
उद्या बघू,
धागा पेलेल इतका तरी होईल उद्या.

खाली कुणीतरी मोटर लावली.
टाकीत पाणी चढायला लागलं
आणि ट्रायपॉडवरची रिकामी चौकट
हलायला लागली.