दोन तेरा

रोज रात्री दोन वाजून तेरा मिनिटांनी
डॉक्टर मीनल साखरवाडीत येतात.
दार वाजवत नाहीत. चपला काढायला त्यांना पाय नाहीत.
उशाशी काच उजळते, एवढंच:
‘लघवी लाल झाली? गोळ्या मूत्रपिंड जाळतात.
आजच थांबवा. अकरा जणांना पाठवा.’

आक्काताई मगदूम, विडी कामगार,
चौथ्या महिन्यात गोळ्या बंद.
टीबीच्या कार्डावर सोळा चौकोन कोरे.

लाल रंग गोळीचाच असतो, भ्यायचं नाही,
हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.
सांगितलं होतं ना?
त्या दिवशी रांगेत एकवीस जण होते.

पलीकडच्या निंगव्वाच्या फोनवर
हाच फोटो, स्टेथोस्कोप कानात उलटा,
नाव निराळं, मजकूर कन्नड.
चौकातल्या पाटीवर कुठली भाषा वर
यावरून आमच्याकडं एसट्या थांबतात, काचा फुटतात.
या बाईंना दोन्ही येतात.
हद्द कुठं लागते त्यांना ठाऊक नाही,
वेळ मात्र तीच.

एकदा मी लिहिलं त्यांना:
बाई, निपाणीला कधी आलाय काय?
वखारीवरून वारं सुटलं की
डोळे कसे चुरचुरतात, बघितलंय?
बोट उचलायच्या आत उत्तर:
‘धन्यवाद ताई. निपाणी मूत्रपिंडासाठी उत्तम.
रोज उपाशीपोटी घ्या.’

हसत हसतच गेले आक्काताईकडं.
उंबऱ्यात बसलेली, मांडीवर सूप, दातात दोरा.
वाचून दाखवलं.
ती हसली नाही.
पान कातरत म्हणाली,
“मशीन हाय ते. नातवानं सांगितलंय मला.”

मग?

खोकली. बराच वेळ खोकली.
“ती रोज इचारती,
आक्का, झोप लागली काय म्हणून.
तू येतीस, गोळ्या मोजतीस, जातीस.”

फोन पुन्हा उघडला.
होती, सगळ्यात वर होती ती ओळ.
मी दर वेळी दुसरीपासून वाचत आले होते.

पिशवीतली पट्टी पिशवीतच राहिली.
उंबऱ्याच्या अलीकडं टेकले.
सुपात साडेतीनशे झाल्या होत्या,
हजार व्हायला अजून वेळ होता.