सातवा रकाना

नारिनमध्ये मार्चातही खिडक्या आतून गोठतात.
मी शेवटच्या बाकावर, मांडीवर विद्यापीठाचा तक्ता.
पेन काखेत धरून ऊब देते,
नाहीतर शाई उतरत नाही.

एल्दियार भावाचा कोट घालून आलाय.
भाऊ मॉस्कोत बर्फ उपसतो,
कोट इथे इंग्रजी शिकवतो.
बाही बोटांवर उतरते, तो वर सारतो,
पुन्हा उतरते.
आवाजही त्याचा नाही,
कुठल्याशा व्हिडिओतल्या माणसाचा,
नाकातून निघणारा.
'गुड मॉर्निंग'ला तीस पोरं धाडकन उभी राहतात
आणि हाच दचकून एक पाऊल मागे.

उच्चार. फळ्याचा वापर. वेळेचं भान.
मी आकडे भरत जाते.
सातव्या रकान्यात छापलंय :
शिक्षक म्हणून ओळख, एक ते पाच.

मी रशियन शिकवायचे. तास कमी झाले.
एका उन्हाळ्यात मुख्याध्यापक म्हणाले,
सप्टेंबरपासून तुम्ही इंग्रजीच्या.
पोरांच्या एक धडा पुढे राहून काढली ती वर्षं,
उशाखाली शब्दकोश.
मला कोणी तक्ता लावला नाही. बरं झालं.

तर, बेकतुर उठला. कधी न उठणारा.
"अगाय, 'ताय'ला इंग्रजीत काय म्हणतात?"

अगाय. म्हणजे थोरला भाऊ, म्हणजेच सर.
एल्दियारने मागे वळून पाहिलं
हाक कोणाला ते.
मागे फळाच होता.

ताय म्हणजे एक हिवाळा काढलेलं शिंगरू.
त्याआधी ते कुलून, पुढे कुनान.
आमच्याकडे घोड्याच्या पोराला
वाढेल तसं नाव बदलून मिळतं.
व्हिडिओतला माणूस गप्प.
मग किर्गिझमध्ये, गावाकडच्या जाड आवाजात :
"मला नाही माहीत रे.
पण सांग ना, केवढा आहे? पळतो कसा?"

मला माहीत होता तो शब्द.
ओठ दाबून बसले.

वर्ग उसळला.
मोडकं इंग्रजी, आजोबा, बर्फ, लाथ, पुन्हा लाथ.
तो लिहितोय, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या,
एक स्पेलिंग चुकलं, पुढच्या बाकावरून ओरडले,
त्याने तळहातानेच पुसलं.

घंटा झाली.
कान लाल, कोटभर खडू.
"एजे, किती दिलेत?"
सातवा रकाना कोरा होता.
शाई गोठली, म्हटलं.
आणि तो कोट दे इकडे,
बाह्या तीन बोटं आत घेते,
सुई आहे माझ्याकडे.