काल रात्री आपण कुठे होता?

जिगीषाचं मराठी सगळं हेरंब सातघऱ्यांकडून आलेलं.
दर गुरुवारी साडेनऊला, दांडिया बाजारातलं
औषधांचं दुकान बंद करून ती वर यायची,
हातात खाऱ्या शेंगांची पुडी,
आणि तीन वर्षांत शिकली ती एवढंच :
खोटं बोलू नका.
दार आतून बंद होतं?
हे घड्याळ कोणाचं?
भाजीवालीलासुद्धा दरडावून विचारायची,
काल रात्री आपण कुठे होता?
ती बिचारी म्हणायची, डभोईला, बेन.

चिटणीस बाईंकडे वही होती.
कोण मेलं, कोणी मारलं,
आणि सातघऱ्यांनी काडेपेटी कितव्या मिनिटाला वाजवली.
(ते विडी ओढत नाहीत. नुसती कानाशी नेऊन हलवतात,
उरलेल्या काड्या ऐकतात.)
एकशे बाराव्या भागात उजव्या हातात
त्या भेदरलेल्या पोरीचा हात होता,
तर काडेपेटी डाव्या हाताने काढली
आणि कमरेशीच वाजवली, कानापर्यंत नेली नाही.
बाईंनी वाहिनीला पत्र टाकलं, पोचपावतीसह :
सातघरे असं करणार नाहीत. कृपया खुलासा व्हावा.
खुलासा आला नाही.

मग तो आला, नाटक घेऊन, गांधी नगरगृहात.
जाहिरातीत विश्राम आंबर्डेकर बारीक अक्षरात,
त्याच्या डोक्यावर ठळक : सातघरे फेम.

पडदा सरकला. सातघरे नव्हतेच.
एक शिंपी बसला होता, गळ्यात टेप,
आणि सगळं नगरगृह त्याच्या खिशाकडे बघत होतं.
मागून कोणीतरी ओरडलं, काडेपेटी!
हशा.
तो सुईत दोरा ओवत राहिला.
दोरा जाईना.
इतका वेळ जाईना
की हसणारे एकेक करून गप्प झाले.

टीव्हीवर बरं असतं.
कॅमेरा पुढे होतो, नखातला चिखल दाखवतो,
खालून ढोलकं घुमतं, म्हणजे समजावं, हे महत्त्वाचं.
इथे कोणी बोट दाखवेना.
एवढं मोठं रंगमंच, मशीन, कपाट, भांडणारी सून,
आणि आम्ही पी रांगेत, अर्ध्या खांबाआड.
काय बघायचं ते ज्याचं त्याने.

मी सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढते.
बावीस वर्षं माणसांना सांगते, श्वास धरा.
दुसऱ्या अंकात त्याने मशीन उचललं, विकायला न्यायचं म्हणून,
आणि माझाच धरला गेला.
डावा खांदा वर येत नव्हता.
जुनं मोडलेलं हाड, वाकडं सांधलेलं.
शिंप्याचं नव्हे. त्याचं.

बाईंच्या कानात मी सांगितलं.
त्यांनी अंधारात पर्स उघडली,
वही आणली होतीच,
चाचपत पेन्सिलीने लिहिलं : ११२. खुलासा झाला.
दुसऱ्या दिवशी पाहिलं तर ते १०९वर लिहिलं गेलेलं.

नंतर मागच्या गल्लीत, टेम्पोपाशी.
नेपथ्य चढत होतं, नाक्यावरून सेव-उसळीचा वास,
त्याच्या कानामागे रंग पुसायचा राहिलेला.
तो आमच्यापेक्षा बुटका निघाला.
मी गप्प. बाई गप्प, वही पाठीमागे लपवून.
जिगीषाला काहीतरी बोलायचंच होतं,
आणि जवळ होतं तेवढंच मराठी बाहेर पडलं :
काल रात्री आपण कुठे होता?

मला वाटलं, आता हा हसेल,
किंवा तो सातघऱ्यांचा आवाज काढील,
लोकांना देतात तसा, फोटोबरोबर.
तो म्हणाला, अंकलेश्वरच्या अलीकडे.
बसचा पट्टा तुटला. पहाटे चारपर्यंत
रस्त्याच्या कडेला, डासांत.
शिंप्याचा कोट पांघरून बसलो होतो.

दार आतून बंद होतं, असं काही ती म्हणेल
म्हणून मी तिचा दंड धरला.
पण जिगीषाने टेम्पोत चढणारं स्टूल
त्या पोराच्या हातातून काढून घेतलं, खाली मांडलं,
आणि म्हणाली, थकलात ना तुम्ही. बेसा जरा.

हे कुठल्याच भागात नाही.
तो बसला.