प्रकार : इतर

चारशे बारा फायली होत्या डाउनलोडमध्ये,
निम्म्यांचं नाव नुसतं ‘स्कॅन’, पुढं आकडा.
पाच्छापुरे सर म्हणाले, असं चालायचं नाही,
ते सॉफ्टवेअर घाल, फुकट आहे,
संदर्भ आपसूक ओळीत बसतात.

बसले.
खानापूरच्या स्टेशनरोडला, हार्डवेअर दुकानावरच्या खोलीत,
रात्री दोनपर्यंत मी एकेकाला उचलून खणात ठेवत गेले :
माती, भट्ट्या, मजुरी, सरपण,
मलप्रभेच्या काठाला कुठं किती चिकण निघायची त्याचे तक्ते.
मधेच करंट गेला. आला. सगळे जागच्या जागी होते.

मग त्यानं विचारलं,
या नोंदी एकच आहेत का?
एकीत प्रकाशनस्थळ बेळगाव, दुसरीत बेळगावी,
तिसरी जुनी, इंग्रजीतली, बेलगाम.
बाजूला बटण : एकत्र करा.
बोट जरा थांबलं.
याच्यापायी आमच्याकडं एसटीच्या काचा फुटल्यात,
पाट्यांना काळं लागलंय, दुकानं चार चार दिवस बंद,
आणि हा विचारतो,
चहा घेणार का विचारावं तसं.
दाबलं.
कुठं काही झालं नाही. पंखा फिरत होता.

खुणेच्या रकान्यात लिहिलं, कौल.
रुद्रव्वा पलीकडच्या कॉटवर. जांभई देत म्हणाली,
हंचु पण घाल गं,
आमच्या लोकांना सापडायचं कसं?
हंचु. छपरावरचं तेच ते.
पण तिच्या भाषेत हंचु म्हणजे वाटून टाक, असंही होतं,
आणि माझ्या भाषेतला कौल देवळात लावतात,
निवडणुकीत मोजतात.
दोन्ही शब्द स्वल्पविराम देऊन शेजारी ठेवले.

टेबलावर मात्र एक खरंच कौल होतं,
बंद भट्टीच्या ढिगातनं ओढणीत गुंडाळून आणलेलं.
मागं कारखान्याचा शिक्का, अर्धा उडालेला,
आणि ओलं असताना वरनं चालत गेलेल्या कुत्र्याचं पाऊल :
चार बोटं, एक तळवा, घाईत.

याची नोंद कशी करायची?
प्रकार निवडा. पुस्तक, लेख, प्रबंध, नकाशा, पत्र, मुलाखत.
कौल यादीत नाही. इतर, म्हटलं.
लेखक : इनास मिस्त्री, साचा त्याचा.
आडनाव भरा.
हजेरीपत्रकात इनास, रेशनकार्डावर इनास,
चर्चच्या वहीत असेल काहीतरी, वही वाळवीनं खाल्ली.
वर्ष : माहीत नाही.
सहलेखक : माती तुडवणाऱ्या, डोक्यावरनं वाहणाऱ्या,
उन्हात पालथी उताणी करणाऱ्या
दुर्गव्वा, द्रौपदा, मेहबूबी, इजाबेल, लगमव्वा,
थोरली जनी, धाकटी जनी,
हजेरीला होत्या तेवढ्या, अडतीस.

सरांनी सांगितलेली शैली निवडली
आणि एका क्लिकमध्ये सगळ्या गेल्या.
इनास आणि इतर.
मी परत घातल्या, त्यानं परत उचलल्या.
नियमच आहे तसा, त्याचा दोष नाही,
त्याला जागा वाचवायची असते.
शेवटी ती एक टीप मी हातानं टाइप केली.
पाऊण पान झालं.
सरांनी लाल पेनानं कडेला लिहिलं, आवर.
आवरलं नाही अजून.

उलट काल इनास मिस्त्रीला फोन लावला,
एवढंच विचारायला, की भट्टीवर ते कुत्रं कुणाचं होतं.
“कुणाचं कशाला? भट्टीचंच. तू काय करूलैस त्याचं?”
नोंदीत घालतेय, म्हटलं. नाव काय होतं?
तो हसला, खोकला, मग बराच वेळ नुसती लोंढ्याकडं जाणारी गाडी ऐकू आली.
“थांब. आठवूलोय.”

रकाना उघडाच ठेवलाय.