पाच-दहाची प्रत

टोर्शाव्हनच्या धक्क्यावर हानुस उभा होता,
हातात इन्सुलिनचा डबा, पलीकडच्या बेटावरच्या बहिणीसाठी.
फोन म्हणत होता: बोट सहा-चाळीसला.
बोट बांधलेलीच. खलाशी केव्हाच घरी.
वारा असा, की समुद्रपक्षीसुद्धा चालत होते.

सुन्वा त्या दिवशी कोणाशी बोलली नाही.
तिनंच लिहिलं होतं ते:
एकदा आणलेलं वेळापत्रक तासभर जपायचं,
सारखं सारखं बंदर-कचेरीचं दार वाजवायचं नाही.
कचेरीत एकच सर्व्हर, म्हातारा, धापा टाकणारा.
(मला विचाराल तर हिशेब बरोबर होता.
तास तेवढा चुकला.)

मग तिनं सोपं केलं.
तास खोडला, मिनिट घातला.
रविवारी हँडबॉलची मॅच सुटली,
मिनिट सरला,
आणि चारशे फोनांना एकाच क्षणी
फडताळ रिकामं दिसलं.
चारशे जण त्याच दाराशी.
सर्व्हर बसला.
मग कोणालाच काही दिसेना,
जुनी चूकसुद्धा नाही.

त्या रात्री तिच्या आईकडे जेवलो.
मागं फटीफटींच्या फळ्यांचं खोपटं,
आत मेंढीचं मटण वाऱ्यावर टांगलेलं.
मी वास घेऊन म्हणालो, शिळं झालंय का?
‘मुरलंय,’ आई म्हणाली, ‘फरक असतो.
आणि नवं टांगल्याशिवाय जुनं उतरवायचं नाही.
आणि बघायला एकानंच जायचं,
सगळे दार उघडत बसलात तर माशा शिरतील.’
ती मटणाबद्दलच बोलत होती.
सुन्वानं मात्र काटा खाली ठेवला.

आता मुदत संपली की
एकच विनंती निघते, मागं कुलूप लावून.
कुलपालाही मुदत आहे, तीस सेकंदांची:
ती वाटेत गेली, तर दुसरी निघेल.
तोवर बाकीच्यांना जुनी प्रत,
वर बारीक अक्षरांत लिहिलेली:
‘ही माहिती पाच-दहाची.’
नवी बाजूला भरत राहते, शेवटच्या ओळीपर्यंत.
रिकामी आली, तुटकी आली, तर फेकून द्यायची,
जुनीला हात लावायचा नाही.
नीट आली तर पाटी फिरते, एका झटक्यात;
अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या बोटीत
कोणी पाय ठेवू नये.
आणि प्रत्येक प्रतीच्या आयुष्यात
दोन-चार सेकंद कमीजास्त, मुद्दाम,
सगळ्यांनी एकदम म्हातारं होऊ नये म्हणून.

काल हानुस दिसला, धक्क्यावरच.
फोन लांब धरून त्यानं बारीक अक्षरं वाचली,
घड्याळ पाहिलं,
मग पाणी पाहिलं, बराच वेळ.
‘वीस मिनिटांपूर्वीचं आहे,’ तो म्हणाला,
‘पण सांगतंय तरी.’
आणि कॉलर वर करून
डबा मांडीवर घेऊन बसला.